डेन्मार्कला शिकवायला जाताय? पाहुण्या शिक्षकाच्या पहिल्या सत्रासाठी

डेन्मार्कला शिकायला कसं जायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तिथे शिकवायला गेल्यावर काय करायचं हे सांगणारे फारसे भेटत नाहीत. आपल्या महाविद्यालयातून सुट्टी काढून एखाद्या सत्रासाठी तिथे जाणारे प्राध्यापक, किंवा पोस्टडॉक करता करता एखादा विषय अंगावर आलेले तरुण संशोधक, अशांसाठी हे लिहितोय. विमानाचं तिकीट आणि स्वेटर यांबद्दल इथे काही नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तिथे विद्यार्थ्याला जाणता माणूस धरतात. तासाला यायचं की नाही हे तो ठरवतो, अभ्यास कधी करायचा हे तो ठरवतो, आणि तुमचं म्हणणं पटलं नाही तर तोंडावर सांगतो. त्या बदल्यात तुमच्याकडून त्याची एकच अपेक्षा असते: काय शिकवणार, किती वाचायला लावणार आणि कशावर तपासणार हे आधी लेखी सांगा आणि मग त्याला जागा.

निघण्याआधी

पगार भारतातूनच चालू राहणार असला तरी वर्गात उभं राहून शिकवणं हे तिथल्या कायद्याच्या नजरेत काम आहे. निवास आणि कामाचे परवाने ‘सिरी’ हे सरकारी खातं देतं. तुमच्या बाबतीत कुठल्या प्रकारचा परवाना लागेल हे यजमान विभागाला विचारा आणि उत्तर इमेलवर घ्या. पर्यटनाच्या व्हिसावर भागेल असं धरून चालू नका.

घर शोधताना भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा: या पत्त्यावर सीपीआर नोंदणी (रहिवासी म्हणून सरकारदरबारी नोंद) करता येईल का? थोड्या दिवसांसाठी खोली देणारे काही मालक याला नाही म्हणतात, आणि नोंदणीशिवाय पुढचं सगळं अडतं. पैशांचीही तयारी ठेवा. कायद्याप्रमाणे मालक तीन महिन्यांपर्यंतचं भाडं अनामत म्हणून आणि वर तीन महिन्यांपर्यंतचं भाडं आगाऊ मागू शकतो. सगळेच इतकं मागत नाहीत, पण मागितलं तर ती फसवणूक नव्हे. घर पाहण्याआधीच पैसे पाठवायला सांगणारा मात्र फसवाच समजा. विद्यापीठाचं अतिथीगृह मिळत असेल तर जास्त विचार न करता घ्या.

किल्ली हातात आली की त्याच दिवशी भिंती, फरशी, ओव्हन, न्हाणीघर यांचे फोटो काढून ठेवा. घरातले दोष मालकाला कळवायला दोन आठवड्यांची मुदत असते. तेव्हा न सांगितलेला ओरखडा घर सोडताना तुमच्या नावावर लागतो.

पहिला आठवडा

तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर सीपीआर क्रमांक घ्यावाच लागतो. ही नोंदणी १९६८ पासून चालत आली आहे. दहा आकड्यांपैकी पहिले सहा म्हणजे तुमची जन्मतारीख. कोपनहेगन, ऑर्हूस, ओडेन्स आणि ऑल्बोर्ग या चार शहरांत परदेशातून आलेल्यांसाठी वेगळं मदत केंद्र आहे. पासपोर्ट, परवाना आणि भाडेकरार घेऊन तिथे जायचं. मग क्रमाक्रमाने एकेक दार उघडतं: पिवळं आरोग्य कार्ड (त्यावर तुमच्या डॉक्टरचं नाव छापलेलं असतं), मिटआयडी नावाची डिजिटल ओळख, बँकेचं खातं आणि शेवटी मोबाइलपे, म्हणजे फोनवरून पैसे देण्याची सोय. हा क्रम उलटा करता येत नाही. बँक खात्याला वेळ लागतो, तेव्हा तोवर चालेल असं परदेशी व्यवहाराचं कार्ड घरूनच आणा.

दोन बारीकसारीक गोष्टी. टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवलेलं नसेल तर कार्ड घरापर्यंत येऊन परत जाऊ शकतं. आणि पगार तिथला असेल तर कर कार्ड आधी काढा. ते नसलं तर पगारातून थेट ५५ टक्के कर कापला जातो. परदेशी संशोधकांसाठी सवलतीच्या कराची वेगळी योजना आहे, तिच्या पगाराच्या वगैरे अटी आहेत. आपण तिच्यात बसतो का हे रुजू होण्याआधीच मनुष्यबळ विभागाला विचारा.

विषयाची आखणी

शरद सत्र सप्टेंबरमध्ये सुरू होतं, परीक्षा जानेवारीत. वसंत सत्र फेब्रुवारीत, परीक्षा जूनमध्ये. काही विद्याशाखांत सत्राऐवजी नऊ-नऊ आठवड्यांचे चार तुकडे असतात. तारखांपेक्षा आठवड्याच्या क्रमांकाला तिथे जास्त मान आहे. ‘आपण ४५ व्या आठवड्यात भेटू’ असं सहकारी सहज म्हणतात आणि सगळे माना डोलावतात. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे क्रमांक दिसण्याची सोय आजच चालू करून ठेवा. ४२ वा आठवडा शरदाच्या सुट्टीचा, त्यात काही ठेवू नका.

वेळापत्रकात तास आठ वाजता लिहिला असेल तर बहुतेक विद्यापीठांत तो सव्वाआठला सुरू होतो. ही पंधरा मिनिटांची जुनी रीत आहे. पण सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ. वीस मिनिटं झाली आणि तुम्ही अजून प्रोजेक्टरशी झटताय, तर लोक घड्याळाकडे बघू लागतात. पंचेचाळीस मिनिटं शिकवायचं आणि मग खरोखर विश्रांती द्यायची. ‘एवढा मुद्दा संपवतो’ म्हणून मधली सुट्टी खाल्लेली कोणाला खपत नाही.

वाचनाची यादी म्हणजे पेन्सुम. ती पानांत मोजतात, आणि पान म्हणजे छापील पान नव्हे, तर मोकळ्या जागा धरून २,४०० अक्षरांचं प्रमाण पान. विषयाला किती पानं लावता येतात याची विभागाची ठरलेली मर्यादा असते. यादी सत्राआधी शिक्षणाच्या संकेतस्थळावर चढवायची. कोपनहेगन विद्यापीठात त्याला अॅब्सलॉन म्हणतात, बाकी ठिकाणी नावं वेगळी. सत्राच्या मध्ये ‘हे एक पुस्तकही बघून घ्या’ म्हणालात तर पहिला प्रश्न येईल: हे परीक्षेला आहे का? राग मानू नका. बऱ्याच जणांची आठवड्यातून दहा-पंधरा तासांची नोकरी असते. सरकार त्यांना दरमहा शिक्षण अनुदान देतं, घराबाहेर राहणाऱ्याला करापूर्वी सुमारे सात हजार क्रोनर, आणि डॅनिश विद्यार्थ्याला फी नसते. तरी कोपनहेगनचं भाडं तेवढ्यात निघत नाही. त्यांचे तास मोजलेले असतात, म्हणून तुमची पानंही ते मोजतात.

वर्गात

‘सर’, ‘मॅडम’ विसरा. पंतप्रधानांनाही लोक नावानेच बोलावतात, तिथे तुमचं काय! इमेल यायचा तो असा: ‘हाय संजय, गुरुवारच्या स्लाइड्स अजून दिसत नाहीत. कधी टाकणार?’ पुढे त्याचं नाव, संपलं. क्षमस्व नाही, कृपया नाही. आपल्याकडे असा इमेल आला असता तर स्टाफरूममध्ये दिवसभर त्यावर चर्चा झाली असती. तिथे तो साधा प्रश्न असतो, आणि त्याला साधं उत्तर द्यायचं: ‘आज चारपर्यंत.’ अट एवढीच की चारपर्यंत खरंच टाकायच्या.

वर्गाला उद्देशून प्रश्न टाकला की बऱ्याचदा शांतता पसरते. ‘मुलांना काही येत नाही’ असा अर्थ त्यातून काढू नका. सगळ्यांदेखत पुढे पुढे करून हुशारी दाखवणं तिथे बरं दिसत नाही. यावर तिथल्या शिक्षकांचा ठरलेला उपाय आहे. प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि म्हणायचं, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोला. क्षणात खोलीभर मधमाश्यांसारखी गुणगुण सुरू होते. दोन मिनिटांनी ‘या बाकावर काय निघालं?’ असं विचारलं की उत्तर येतं, कारण आता ते दोघांचं असतं. पंचेचाळीस मिनिटांत असं निदान दोनदा करा. सलग व्याख्यानाची सवय असलेल्या आपल्याला यात वेळ वाया जातोय असं वाटतं. माझ्या मते मात्र या एका युक्तीने जेवढं साधतं तेवढं सुबक स्लाइड्सनी साधत नाही.

समोरचं दृश्य बघून गडबडू नका. पहिल्या रांगेत कोणी सोललेली गाजरं कुडकुड खात असतं, कोणी डबा उघडून पाव काढतं, कोणी न विचारता उठून बाहेर जातं. आणि विणकाम! माझ्या वर्गात खिडकीशी बसणारी एक मुलगी तासभर मोजा विणायची. राखाडी लोकर, चार बारीक सुया, नजर कधी टाक्यावर तर कधी फळ्यावर. टाचेचं वळण आलं की ओठ हलवत टाके मोजायची. नोंदी घेताना ती मला कधी दिसली नाही. एकदा नमुना निवडीचं गणित चाललं असताना सुया मांडीवर ठेवून ती म्हणाली, ‘मला हे पटत नाही. तुमचा निष्कर्ष या तक्त्यातून निघतच नाही, मागच्या तक्त्यातून निघतो.’ वर्गातलं कोणी दचकलं नाही, तिच्याकडे वळून पाहिलंही नाही. अशा वेळी ‘कसं ते सांग’ म्हणायचं, फळ्यावर दोन्ही तक्ते शेजारी शेजारी मांडायचे आणि वर्गाला निवाडा करू द्यायचा. ‘पुढे कळेल’ किंवा ‘माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात’ ही वाक्यं तिथे चालत नाहीत.

उलट बाजूही सांगतो. तुम्हाला एखादं उत्तर आलं नाही तर ‘मला माहीत नाही, सोमवारी सांगतो’ म्हणालात तरी कोणी तुम्हाला कमी लेखत नाही. फक्त सोमवारी सांगायचं.

हजेरी बहुतेक विषयांत घेत नाहीत. वर्गात अर्धी बाकं रिकामी दिसली की मन खट्टू होतं खरं, पण न येणारा विद्यार्थी आपल्या वाचनगटात चार जणांबरोबर तेच वाचत असण्याची बरीच शक्यता असते. सत्राच्या मध्यावर मूल्यमापन होतं आणि विद्यार्थी तुमच्याबद्दल लिहितात. ते वाचताना घट्ट मन ठेवा. ‘ठीक होतं’ हा शेरा तिथे बरा समजायचा. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावर शिक्षक आणि विद्यार्थी समसमान संख्येने बसतात, त्यामुळे ही मतं कपाटात पडून राहत नाहीत.

मध्येच एखादा विद्यार्थी डोक्यापासून पायापर्यंत दालचिनीच्या पुडीने माखलेला दिसला तर घाबरू नका. लग्न न होता पंचविशी गाठणाऱ्याचं मित्रमंडळी असंच अभिनंदन करतात.

गटाचे प्रकल्प

रॉस्किल्ड (स्थापना १९७२) आणि ऑल्बोर्ग (१९७४) ही विद्यापीठं गटाने करायच्या प्रकल्पांवरच उभी आहेत, आणि थोड्याफार प्रमाणात ही पद्धत सगळीकडे आहे. विषय विद्यार्थी शोधतात, तुम्ही मार्गदर्शक. भेटीला गट येतो तो कार्यक्रमपत्रिका घेऊन. मजकूर दोन-तीन दिवस आधी पाठवलेला असतो. मार्गदर्शनाचे तास मोजून दिलेले असतात, ते पहिल्याच भेटीत गटाला सांगा, म्हणजे कुठे खर्च करायचे ते तेच ठरवतात. काय करायचं हे सांगून टाकायचा मोह आवरा. ‘तुमच्या प्रश्नाचं उत्तर या माहितीतून मिळेल का?’ एवढं विचारून गप्प बसलात तरी अर्धं काम होतं. गटात भांडण झालं तर ते आधी त्यांनाच सोडवू द्या.

परीक्षा

इथे नीट लक्ष द्या, कारण पाहुण्या शिक्षकाची खरी कसोटी इथेच लागते.

गुणांची मोजपट्टी सात पायऱ्यांची: १२, १०, ७, ४, ०२, ००, −३. ती २००७ पासून विद्यापीठांत आहे. ०२ म्हणजे उत्तीर्ण, ००ला नापास, आणि −३ अगदीच अस्वीकार्य कामाला. आधी १ जोडून कोणी २ चे १२ किंवा ० चे १० करू नये म्हणून ०२ आणि ०० अशी लिहिण्याची रीत. १२ म्हणजे निर्दोष उत्तर नव्हे; किरकोळ उणिवा असलेल्या उत्कृष्ट कामालाही १२ द्यायचे असतात. शंभरपैकी पंच्याऐंशीला ‘वा’ म्हणणाऱ्या आपल्या हाताला १२ लिहिणं जड जातं. पण ७ हा चांगला, सरासरी गुण आहे, तो शिक्षा म्हणून देऊ नका. आणि वर्गातल्या मुलांना एकमेकांशी ताडून गुण द्यायचे नाहीत. विषयाच्या वर्णनात जी उद्दिष्टं लिहिली आहेत त्यांच्याशीच ताडायचं. म्हणून ते वर्णन परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचा.

तोंडी परीक्षा बरीच असते. खोलीत एक टेबल, पाण्याचा जग, तुम्ही आणि सेन्सॉर म्हणजे दुसरा परीक्षक. तो अनेकदा दुसऱ्या विद्यापीठातून किंवा उद्योगातून आलेला असतो. विद्यार्थी येतो, पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून एक उचलतो, काही ठिकाणी वीस मिनिटं शेजारच्या खोलीत तयारी करून मग बोलायला बसतो. प्रश्न मुख्यतः तुम्ही विचारायचे. सेन्सॉर टिपणं घेतो आणि मध्येच एखादा विचारतो. घड्याळ समोर ठेवा, कारण ठरलेल्या वेळात गुण ठरवण्याचा वेळही धरलेला असतो.

मग विद्यार्थी बाहेर जातो आणि दार लागतं. दोघांनी आपापला गुण सांगायचा आणि का ते सांगायचं. बहुधा एकमत होतं. झालंच नाही तर दोघांच्या गुणांची सरासरी काढून जवळची पायरी घेतात. सरासरी बरोबर मध्ये पडली तर सेन्सॉरचा गुण जास्त असल्यास वरची पायरी, नाहीतर खालची. दार उघडून विद्यार्थ्याला आत बोलावायचं, गुण सांगायचा आणि दोन वाक्यांत कारण द्यायचं. कारण द्यायला विसरू नका, त्यासाठीच तो उभा असतो. बाहेर त्याचे मित्र हातात छोटे कागदी झेंडे आणि बाटली घेऊन थांबलेले असतात. दाराआड पिटाळलेला विद्यार्थी आणि आत कुजबुजणारे दोन परीक्षक, हे आपल्याला विचित्र वाटतं. पण निकालासाठी महिनोन्‌महिने लटकत ठेवण्यापेक्षा हे शतपटीने बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

निकालाविरुद्ध तक्रार करायला विद्यार्थ्याला दोन आठवडे असतात आणि तक्रार आली तर तुमच्याकडून लेखी उत्तर मागतात, कधी तुम्ही मायदेशी परतल्यावरही. म्हणून प्रत्येक परीक्षेची टिपणं जपून ठेवा.

सहकारी आणि घर

जेवण साडेअकरा-बाराला. सगळे एकत्र बसतात. खोलीत एकट्याने डबा खाणारा तुसडा समजला जातो. राय धान्याचा काळसर पाव, त्यावर काहीबाही रचलेलं. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण नाताळाआधीच्या विभागाच्या मेजवानीत हेरिंग मासा आणि डुकराचं मांस यांची रांग लागते, तेव्हा आयोजकांना आधी सांगून ठेवा. वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. शुक्रवारी दुपारी विद्यार्थ्यांचा बार उघडतो. शिक्षक तिथे डोकावले तर आवडतं, पण फार वेळ रेंगाळू नये. दुपारी चारनंतर कार्यालय ओस पडतं, तेव्हा साडेचारची बैठक ठेवू नका. मुलांना आणायला जाण्याची ती वेळ असते.

घरी फोडणी देण्याआधी पंखा लावा आणि खिडकी उघडा. वसतिगृहाच्या धुराच्या भोंग्याला फोडणीचा धूर आणि आगीचा धूर यातला फरक कळत नाही, आणि खोट्या इशाऱ्यावर अग्निशमन दल आलं तर बिल तुमच्याकडे येऊ शकतं. थंडीतही रोज दोनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि तिचे पैसे अनामतीतून जातात. नळाचं पाणी बिनघोर प्या. रिकाम्या बाटल्या आणि डबे फेकू नका. दुकानातल्या यंत्रात टाकले की आकाराप्रमाणे १ ते ३ क्रोनर परत मिळतात.

सायकल जुनी घ्या, कुलूप नवं. अंधारात पुढे-मागे दिवा सक्तीचा. थांबताना हात वर, वळताना हात बाजूला. डावीकडे वळायचं तर सरळ चौक ओलांडून पलीकडे थांबायचं आणि मग तिथून डावीकडे. गाड्यांसारखं चौकाच्या मधोमध शिरायचं नाही. कोपनहेगनच्या एस-टोग लोकलमध्ये सायकल फुकट नेता येते.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोपनहेगनला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. दुपारच्या जेवणानंतर रोज वीस मिनिटं बाहेर चाला, पाऊस असला तरी. घरी फोन करायचा तो शिकवण्याआधी: हिवाळ्यात आपण तिथल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन.

होयस्कोलेचं आमंत्रण आलं तर

वरचं बरंच विसरा. ग्रुंटविग या डॅनिश धर्मगुरू-कवीच्या विचारातून निघालेल्या या निवासी लोकशाळा, पहिली १८४४ मध्ये रॉडिंगला. परीक्षा नाही, गुण नाहीत. सकाळी सगळ्यांनी मिळून गाणी म्हणायची, जेवण एकत्र आणि भांडी घासायची पाळीही एकत्र, शिक्षकालाही सुटका नाही. हेल्सिंगोरचं इंटरनॅशनल पीपल्स कॉलेज १९२१ पासून जगभरचे विद्यार्थी घेतं आणि तिथे कारभार इंग्रजीतून चालतो. पाठ संपल्यावर विद्यार्थी तुमच्याच टेबलाशी जेवायला येतात आणि चर्चा तिथेच पुढे चालू राहते. एकांत लागणाऱ्यांनी दोन दिवस राहून बघावं आणि मग होकार द्यावा.

परत निघताना

घरमालकाबरोबर शेवटची पाहणी तुम्ही स्वतः हजर राहून करा, पहिल्या दिवशीचे फोटो हाताशी ठेवून. पत्ता सोडत असल्याचं नोंदणी कार्यालयाला कळवा. बँकेचं खातं लगेच बंद करू नका. अनामत परत यायला वेळ लागतो, आणि तिथला पगार घेतला असेल तर कराचा वार्षिक हिशेब पुढच्या मार्चमध्ये येतो; जास्तीचा कापलेला कर त्याच खात्यात जमा होतो.